एक छोटासा मेल टाका

नंदुरबार जिल्ह्यात माणसाला स्वतःची ओळख स्वतः करून द्यावी लागत नाही. तशी संधीच मिळत नाही. शहाद्याहून नंदुरबारला येणाऱ्या एसटीत खिडकीशेजारी नुसतं बसायचं. शेजारचा गृहस्थ आधी पिशवी मांडीवर घेतो, मग ‘तुम्ही कोठला शेतस?’ असं विचारतो, आणि प्रकाशाला तापीचा पूल येईपर्यंत तुमचं गाव, भाऊबंद, मामाचं गाव, पोटापाण्याचा धंदा आणि तुमच्या चुलत काकांनी कधीकाळी पडत्या भावात विकलेलं शेत, एवढी सगळी माहिती त्याच्या ताब्यात गेलेली असते. पूल ओलांडल्यावर तो तुमचा कुणीतरी लागू लागतो. नंदुरबार स्टँडवर उतरताना तर तो तुम्हाला पुढच्या माणसाच्या हवाली करतो : ‘हे आपल्या अमक्यांचे जावई.’ आपण जावई नसलो तरी चालतं. चहा येतो.

अशा मुलखात जन्म काढलेल्या माणसाला कुणी सांगावं की बाबा रे, तुझी ओळख तूच करून दे, तीही लेखी, आणि तीही चार ओळींत! मुंबईच्या एका मसाला कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्यांनी पुण्याच्या कृषी प्रदर्शनात आमच्या स्टॉलवरची मिरची पूड चिमटीत धरली, हुंगली, डोळे पुसले, खिशातून कार्ड काढलं आणि म्हणाले, ‘छान आहे. एक छोटासा इंट्रोडक्टरी मेल टाका. बघू.’ एवढं बोलून ते शेजारच्या स्टॉलवरचा गूळ चाखायला गेले. त्यांच्या दृष्टीनं विषय तिथं संपला. आमच्या दृष्टीनं तिथून कंपनीचं कामकाज सुरू झालं.

कंपनी म्हणजे शेतकरी उत्पादक कंपनी. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि शेतकऱ्यांनाही कंपनी काढायची सोय झाली. किमान दहा उत्पादक, किमान पाच संचालक आणि एक पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी. आम्ही पाचावर थांबलो नाही. जिल्ह्यात तालुके सहा. पाच घेतले तर सहावा रुसणार. म्हणून नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा आणि अक्राणी असा तालुक्यामागे एकेक संचालक घेतला. मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणजे मी. सीईओ. हुद्दा टाटा-अंबानींच्या पंक्तीतला आहे, पगार आमच्या ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरपेक्षा कमी आहे. आणि ते बरोबरच आहे. तो आला नाही तर माल येत नाही. मी आलो नाही तर कुणी विचारतही नाही.

मी संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर बसलो आणि पाच मिनिटांत मेल लिहून मोकळा होणार होतो. पण पहिला घोटाळा लिहिण्याआधीच निघाला. मेल पाठवायचा कुठून? कंपनीचा अधिकृत ई-मेल होता, पण तो नोंदणीच्या वेळी सेतू केंद्रातल्या पोरानं काढून दिला होता. पासवर्ड त्यालाच ठाऊक, आणि तो पोरगा सुरतेला कापडाच्या धंद्यात गेलेला. फोन लावला तर म्हणाला, ‘भाऊ, पासवर्ड माझ्या त्या वेळच्या मैत्रिणीच्या नावावर होता. आता लगीन झालंय माझं. दुसरीशी. बायको शेजारी बसलीय. नंतर बोलू.’ ते नंतर काही आलं नाही.

राहिला माझा स्वतःचा ई-मेल. तो कॉलेजात असताना सायबर कॅफेत काढलेला, ऑर्कुटच्या ऐन भरात. त्या वयात जे नाव सुचतं तेच सुचलं होतं : लव्हलीप्रिन्स, पुढे जन्मसाल. तेव्हा ते भारदस्त वाटलं होतं. आता डोक्यावर जेमतेम केस, पोट शर्टाच्या बटणांशी भांडतंय, आणि मुंबईच्या खरेदी अधिकाऱ्याला पाच टन मिरचीचा प्रस्ताव कोण पाठवणार, तर लव्हलीप्रिन्स. बायको म्हणाली, ‘नवीन काढा ना.’ पण नवीन काढायला बसलो तर माझं नाव-आडनाव लावून शक्य असलेले सगळे पत्ते जगानं आधीच घेऊन ठेवलेले. मिळत होता तो पत्ता एवढ्या आकड्यांचा होता की तो फोनवर सांगताना समोरचा माणूस गॅस सिलिंडरचा नंबर समजला असता. प्रिन्सच बरा, म्हटलं.

तेवढ्यात चेअरमन आबा आले. आबा शहाद्याकडचे. ‘काय चाललंय?’ म्हणाले. मी सांगितलं. इथंच आमच्या मेलचं भवितव्य ठरलं.

‘चार ओळी?’ आबा खुर्चीत बसत म्हणाले. ‘अरे, चार ओळींत माणूस मेल्याची बातमी बसत नाही. आणि हे तू एकट्यानं लिहिणार? बाकीच्यांना कळलं तर? मीटिंग लाव.’

मीटिंग लागली. अजेंड्यावर विषय एकच.

नंदुरबारचे संचालक भाऊसाहेब तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. कागद दिसला की त्यांचा हात आपोआप डावीकडे समास सोडतो. त्यांनी मला लिहून दिलं : ‘विषय : आपल्या कंपनीस आमच्या कंपनीची ओळख करून देणेबाबत. संदर्भ : आपले प्रदर्शनातील तोंडी आदेश. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की...’

‘की काय?’ मी विचारलं.

‘ते तुम्ही ठरवा. सुरुवात पक्की झाली की पुढचं काही लिहिलं तरी फाइल चालते.’

शिवाय जावक क्रमांक टाकल्याशिवाय पत्र कार्यालयाबाहेर जाणार नाही, असं त्यांनी ठणकावलं. मी म्हटलं, ‘भाऊसाहेब, मेलला जावक क्रमांक नसतो.’ ते माझ्याकडे कीव येऊन बघत म्हणाले, ‘म्हणूनच मेल हरवतात.’ लगेच माणूस पाठवून आवक-जावक रजिस्टर आणवलं, लाल रेघा मारल्या, आणि कोरं पान उघडून पेनाचं टोपण काढून बसले. ते टोपण पुढे बरेच दिवस उघडंच होतं.

तळोद्याचे गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा आक्षेप ‘महोदय’ला होता. ‘पत्राला मायना असतो,’ ते म्हणाले. ‘यादवांच्या काळात हेमाडपंतानं मेस्तक लिहून कुणाला कसं लिहावं ते घालून दिलं. वडिलांना तीर्थस्वरूप, बरोबरीच्याला सप्रेम नमस्कार, धाकट्याला अनेक उत्तम आशीर्वाद. तुमचा अधिकारी किती वर्षांचा?’

‘असेल तिशीचा.’

‘मग आशीर्वाद.’

आबा चमकले. ‘गुरुजी, तो गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाइकाला कुणी आशीर्वाद देतं का? गिऱ्हाईक वयानं केवढंही असो, आपल्यासाठी थोरच.’

‘मग तीर्थस्वरूप?’

‘तिशीच्या पोराला तीर्थस्वरूप?’ भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. ‘मी सह्या करणार नाही.’

तासाभरानं ‘राजमान्य राजेश्री’वर तडजोड झाली. त्यात वय कळत नाही, राज्य कुणाचं तेही विचारावं लागत नाही.

हिंजवडीला आयटीत असलेल्या भाच्याला मी गुपचूप फोन लावला. तो म्हणाला, ‘मामा, एवढं काय त्यात? सुरुवातीला टाक, होप धिस मेल फाइंड्स यू वेल. मग तू कोण, काय विकतोस, भेटायचंय. शेवटी रिगार्ड्स. खल्लास.’ फोन स्पीकरवर आहे हे मी विसरलो होतो. गुरुजींनी त्या पहिल्या वाक्याचा अर्थ विचारला, मी सांगितला, आणि गुरुजी खुर्चीवरून अर्धे उठले. ‘अरे, हे तर आपलं इकडील सर्व क्षेम! तुमची खुशाली कळवीत जावी! पोस्टकार्डावर आम्ही हेच लिहायचो तर तुम्ही पोरं हसायचा. आता आयटीत गेल्यावर तेच इंग्रजीत लिहिता आणि पगार घेता?’ भाच्यानं मीटिंगमध्ये आहे म्हणून फोन कापला. तो खरंच मीटिंगमध्ये असणार. त्याला दुसरं काही काम असल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

मायना ठरला, विषय ठरला, आता मुद्दा उरला तो आपण कोण हे सांगण्याचा. आणि हा प्रश्न सहा तालुक्यांच्या सभेत कधी विचारू नये.

‘आपण कोण?’ आबा म्हणाले. ‘अरे, देशाला ओळख दिली ती आपण. पहिलं आधार कार्ड कुठं दिलं? आपल्या टेंभलीला. २९ सप्टेंबर २०१०. पंतप्रधान स्वतः आले होते. दिल्ली नाही, मुंबई नाही, आपल्या शहादे तालुक्यातली टेंभली. सगळ्या देशात आधी ओळख पटली ती आपली, आणि आपल्यालाच ओळख लिहायला हे साहेब सांगतात? सरळ माझा आधार नंबर टाक. खाली दोन्ही बाजूंची झेरॉक्स जोड. बास.’

आधारचा नंबर असा कुणालाही पाठवू नये हे त्यांना पटवताना दुसरा चहा झाला. पण टेंभलीचा परिच्छेद मेलमध्ये गेला तो गेलाच.

टेंभली गेली म्हटल्यावर नवापूरचे संचालक सरसावले. ‘मग आमचं स्टेशन घाला. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. जगात आहे का असं कुठं? तिकीट महाराष्ट्रात काढायचं, आणि गाडी लेट का म्हणून स्टेशनमास्तरला विचारायला गुजरातेत जायचं. एकाच बाकावर नवरा महाराष्ट्रात आणि बायको गुजरातेत बसते.’

‘त्याचा मिरचीशी काय संबंध?’ मी विचारलं.

‘टेंभलीचा काय संबंध?’

याला उत्तर नव्हतं. स्टेशन गेलं. पाठोपाठ, नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे, तेही लिहा, असा आग्रह झाला. आपण डाळ विकत नाही हे मी नम्रपणे निदर्शनास आणलं. ते म्हणाले, ‘डाळ नसेल तर तुमची मिरची माणूस घालणार कशात?’ डाळही गेली. गुरुजींनी तोरणमाळ घातलं, थंड हवेचं ठिकाण, यशवंत तलाव. भाऊसाहेबांनी ‘जिल्हानिर्मिती १ जुलै १९९८, धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन’ एवढं अधिसूचनेच्या भाषेत घातलं. आबांना पुन्हा आठवण झाली आणि सारंगखेड्याची दत्तजयंतीची घोड्यांची यात्रा आली. यात्रेवरून आबांना मूळ मुद्दाच पटेनासा झाला. ‘सारंगखेड्याला लाखांचा घोडा विकला जातो. घोड्याचं परिचयपत्र कुणी मागतं का? तोंड उघडतात, दात बघतात, फिरवून बघतात, पैसे मोजतात. बैलबाजारात तर रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो, तोंड उघडायचं कामच नाही. आणि पुडीला निबंध?’

अक्कलकुव्याच्या ताई मोलगीहून येतात. त्यांच्या बचत गटाची आमचूर मोलगीच्या बाजारात हातोहात खपते. त्या इतका वेळ गप्प होत्या. म्हणाल्या, ‘माल काय, किती, भाव काय, कधी देणार, एवढं लिहा ना भाऊ. त्याला दुसरं काय करायचंय?’

क्षणभर शांतता झाली. मग आबा म्हणाले, ‘ताईंचा मुद्दा चांगला आहे. तोही घाल. शेवटी कुठंतरी.’

अक्राणीचे, म्हणजे धडगावचे, संचालक फोनवर हजर होते. सातपुड्यात रेंज टेकडीवर मिळते, घरात नाही, त्यामुळं ते बिचारे कुठल्याशा टेकडीवर उभं राहून सभा ऐकत होते. वाऱ्याच्या आवाजातून त्यांचं एवढंच ऐकू आलं, ‘...किलोभर पूड पार्सल करा, म्हणजे साहेब स्वतःच...’ आणि रेंज गेली. साहेब स्वतःच काय, हे सभेला कळलं नाही. भाऊसाहेबांनी इतिवृत्तात ‘सदर सदस्यांची तत्त्वतः संमती’ असं लिहून टाकलं.

रात्री मी तो मजकूर घरी नेला. पान भरून पुढे गेला होता. बारावीतली लेक म्हणाली, ‘पप्पा, एआयला सांगा ना. तो छोटा करून देतो.’ तिनं मोबाइलवर काहीतरी टिपलं आणि आवंढा गिळेपर्यंत मेल तयार! भाषा अशी की वाचताना आपणच आपल्याला ओळखू नये. आम्ही कोणत्या तरी रोमांचक प्रवासावर निघालो होतो, आमचं ध्येय शेतापासून ताटापर्यंतची मूल्यसाखळी बळकट करण्याचं होतं, आणि आमची मिरची ‘नंदुरबारच्या रमणीय समुद्रकिनाऱ्यावर सोनेरी उन्हात’ वाळत होती.

दुसऱ्या दिवशी मी हा मजकूर गंमत म्हणून सभेत वाचून दाखवला. चूक तीच झाली. आबांना तो फार आवडला.

‘समुद्र नाही आपल्याकडे,’ मी म्हटलं.

‘तापी आहे, नर्मदा आहे. दोन नद्या आहेत. समुद्रात जाणाऱ्याच आहेत ना? राहू दे. तो काय पोहायला येणार आहे?’

समुद्र काढायला मला मतदान घ्यावं लागलं. चार विरुद्ध एक. धडगाव रेंजबाहेर.

मग जोडपत्रं. नोंदणी प्रमाणपत्र, माती परीक्षणाचा अहवाल, उन्हात वाळत घातलेल्या मिरचीचे फोटो, आणि आबांचा शाल-श्रीफळ घेतानाचा फोटो, ज्यात मिरची कुठंच नाही पण आबा ठसठशीत आहेत. जीमेलला पंचवीस एमबीच्या वर झेपत नाही. काहीतरी गाळावं लागणार होतं. माती परीक्षण गळलं. शाल राहिली.

खालच्या सहीचं काय वर्णावं! आबांचं नाव, त्याखाली माजी सरपंच, माजी उपसभापती, संस्थापक, मार्गदर्शक, आधारस्तंभ. त्याखाली प्रत्येक संचालक आपापल्या माजी पदांसह. त्याखाली ‘प्रत माहितीस्तव सविनय सादर : मा. जिल्हाधिकारी’, जी मी शिताफीनं उडवली. सगळ्यांत तळाशी, स्क्रोल करणाऱ्याच्या अंगठ्याला गोळा आल्यावर दिसेल अशा जागी, मी.

अशा वेळी मला त्या रे टॉमलिन्सनचा हेवा वाटतो. १९७१ साली अमेरिकेत त्यानं पहिला ई-मेल पाठवला तो एका यंत्रावरून शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या यंत्रावर. पाठवणारा तोच, घेणारा तोच. त्यात काय लिहिलं होतं ते पुढे त्यालाही धड आठवत नव्हतं. संचालक मंडळ नाही, मायना नाही, ओळख द्यायची तर स्वतःलाच. एवढा सुखाचा मेल त्यानंतर कुणी पाठवला असेल असं वाटत नाही.

अखेर मेल पाठवायचा दिवस उजाडला. आमचं कार्यालय नंदुरबारच्या वेशीवर, मिरचीच्या पथारीला लागून आहे. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हंगामात बाजार समितीत ओल्या लाल मिरचीच्या गाड्या लागतात. व्यापारी ती घेऊन मोकळ्या रानावर पसरतात आणि उन्हात वाळवतात. त्या जागेला पथारी म्हणायचं. नजर जाईल तिथवर जमीन लाल. फडकी बांधलेल्या बाया ओळीनं बसून देठ खुडत असतात, फावड्यानं ढीग खालीवर होत असतो, आणि आभाळात एवढासा ढग आला तरी व्यापाऱ्याचा रक्तदाब चढतो. वारा पथारीवरून गावाकडे फिरला की पाहुणा कोण आणि गावकरी कोण हे लगेच कळतं. पाहुणा शिंकतो आणि खोकतो. गावकरी शिंकतो आणि बोलणं पुढे चालू ठेवतो.

सगळे संचालक माझ्या पाठीमागे उभे होते. मी साहेबांचा पत्ता टाकला, विषय टाकला, आणि वहीतला मजकूर टाइप करायला घेतला. ‘राजमान्य राजेश्री, सप्रेम नमस्कार. आम्ही नंदुरबार जिल्ह्यातील’ इथवर आलो आणि वारा फिरला. आबांनी त्याच क्षणी ‘हवा येऊ दे जरा’ म्हणून दार सताड उघडलं होतं.

शिंक आली. बोट कुठं पडलं ते बोटालाच माहीत. डोळे उघडले तर पडद्यावर मेल गेल्याची पट्टी, आणि तिच्यात ‘अनडू’ असं लिहिलेलं. मला ते माहीत होतं. तेवढं दाबलं की मेल परत येतो, फक्त काही सेकंदांत दाबायला हवं. पण मिरचीची शिंक कधी एकटी येत नाही. मी हात पुढे करायचो आणि शिंकायचो. शिंकताना डोळे मिटतात. मागून आबा ‘दाब, दाब’ म्हणत होते, मग तेही शिंकले, मग गुरुजी, मग ओळीनं सगळे, आणि कार्यालय शांत झालं तेव्हा पट्टी निघून गेलेली होती.

साहेबांकडे पोचलेला मेल असा होता : लव्हलीप्रिन्सकडून. विषय, आपल्या कंपनीस आमच्या कंपनीची ओळख करून देणेबाबत. मजकूर, ‘राजमान्य राजेश्री, सप्रेम नमस्कार. आम्ही नंदुरबार जिल्ह्यातील’.

पुढे पूर्णविरामही नाही.

भाऊसाहेबांनी थरथरत्या हातानं रजिस्टरमध्ये जावक क्रमांक १ टाकला. गेलेलं पत्र ते गेलेलं पत्र. आबा कपाळाला हात लावून बसले. आणि तेवढ्यात कॉम्प्युटर टुणकन वाजला.

साहेबांचं उत्तर!

मी इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं : ‘आपल्या मेलबद्दल आभारी आहे. मी सध्या रजेवर असून मला मेल पाहण्याची सोय मर्यादित आहे. कामावर परतल्यावर आपल्याशी संपर्क साधेन. सस्नेह.’

‘वा!’ आबा उभेच राहिले. ‘रजेवर आहे, तरी मिनिटाच्या आत उत्तर! इथं माणूस समोर खुर्चीत बसलेला असतो आणि उद्या या म्हणतो.’

मी म्हटलं, ‘आबा, हे उत्तर आपोआप येतं. मशीन पाठवतं.’

‘मशीनला कसं कळलं तो रजेवर आहे?’

‘त्यांनी सांगून ठेवलेलं असतं.’

‘मग? निरोप त्याचाच झाला ना? मी घरगड्याकडे निरोप ठेवून गेलो तर तो निरोप गड्याचा होतो का?’

या युक्तिवादापुढे माझं सीईओपण चाललं नाही. भाऊसाहेबांनी आवक क्रमांक १ टाकला. ताई म्हणाल्या, ‘रजा कशापायी घेतली असेल? घरात कुणी आजारी तर नाही?’ गुरुजींचं मत, लगीनसराई आहे, बहिणीचं कार्य असणार. एवढ्या तत्परतेनं उत्तर देणाऱ्या माणसाच्या सुखदुःखाची विचारपूस न करता एकदम मिरचीवर येणं कुणालाच बरं वाटेना. म्हणून पूर्ण मेलच्या आधी चार ओळी वाढल्या : घरी कुणाची प्रकृती नरम असल्यास आराम पडो, शुभकार्य असल्यास निर्विघ्न पार पडो, दोन्ही असल्यास परमेश्वर आपणांस बळ देवो. त्याखाली ‘जावक क्र. १ चे शुद्धिपत्रक’ आणि त्याखाली टेंभली, स्टेशन, डाळ, तोरणमाळ, घोडे, आणि तळाशी मिरचीचा भाव. खिडक्या-दारं लावून, तोंडाला रुमाल बांधून मी तो पाठवला.

उत्तर आलं नाही.

दुपार झाली, संध्याकाळ झाली. कुणी घरी जाईना. आबांचा चेहरा पडला. ‘अर्ध्या मेलला उत्तर दिलं, पुऱ्याला नाही. काहीतरी लागलं त्याला.’

‘आजारपणाचं लिहायला नको होतं,’ गुरुजी म्हणाले. ‘अशुभ बोलल्यासारखं झालं.’

‘डाळीमुळं झालं,’ भाऊसाहेब नवापूरकरांकडे न बघता म्हणाले.

‘अहो, ते मशीन एका माणसाला एकदाच उत्तर देतं,’ मी कळवळून सांगितलं.

‘म्हणजे तुझ्याशी बोलायचं बंद केलं त्यानं,’ आबा म्हणाले. ‘स्पष्ट आहे. प्रिन्स म्हणे!’

त्याच रात्री आबांनी नातवाला बसवून स्वतःचा ई-मेल काढला आणि सहाही संचालकांच्या वतीनं साहेबांना दोन ओळी लिहिल्या, की आमच्या पोराकडून काही कमीजास्त लिहिलं गेलं असल्यास मोठ्या मनानं पोटात घालावं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जमले असताना आबा मोबाइल पुढे धरून आले. चेहरा उजळलेला. उत्तर आलं होतं, रात्रीच, पाठवल्या पाठवल्या. मी वाचलं. मेलबद्दल आभारी आहे, रजेवर आहे, सोय मर्यादित आहे, परतल्यावर संपर्क साधेन. सस्नेह.

‘बघितलं?’ आबा विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे फिरून म्हणाले. ‘जे तुम्हाला लिहिलं तेच मला. शब्द ना शब्द. चेअरमन म्हणून गोड बोलणं नाही, की प्रिन्स म्हणून तोडून बोलणं नाही. काल एक, आज एक असंही नाही.’

भाऊसाहेबांनी आवक क्रमांक २ टाकला आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘आ. क्र. १ प्रमाणेच’ असं लिहून शाई फुंकली.

‘असा एकवचनी माणूस मी धंद्यात पाहिला नाही,’ आबा खुर्चीत रेलून म्हणाले. ‘याला माल उधारीवर द्यायला माझी हरकत नाही.’